बंड्याची धाप आणि घरातली भीड

प्रश्न : मी ६६ वर्षांची आहे. मुलुंडला मुलगा, सून आणि नातवासोबत राहते. नातवाच्या हट्टापायी चार वर्षांपूर्वी घरात पग जातीचा कुत्रा आला, त्याचं नाव बंड्या. मुलगा-सून सकाळी कामावर जातात, नातू शाळेत. दिवसभर घरात बंड्या आणि मी. तो पहिल्यापासून घोरतो, नातू त्याचे व्हिडिओ काढून मित्रांना पाठवतो. उशीवर हनुवटी टेकवून ऐटीत झोपतो. खाल्ल्यावर कधीकधी पांढरा फेस ओकतो, पण तो अधाशासारखा खातो म्हणून असेल असं आम्ही समजतो. मे महिन्यात लिफ्ट मेंटेनन्ससाठी बंद होती. दुपारी त्याला शू करायला खाली नेलं आणि चौथ्या मजल्यावर परत चढताना तो तिसऱ्या मजल्यावर बसला, मग आडवाच झाला. जीभ जांभळी, तोंडाला फेस, डोळे मोठे. वॉचमनने फ्रिजमधलं पाणी डोक्यावर ओतलं, शेजारच्या वहिनींनी नाकाला कांदा लावला. वीसेक मिनिटांनी उठला. संध्याकाळी मुलगा म्हणाला, “आई, पग असेच असतात, तू उगाच घाबरतेस.” दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वजन ११ किलो भरलं म्हणून कमी करायला सांगितलं आणि नाकपुड्या व टाळूच्या ऑपरेशनचा विचार करा म्हणाले. मुलाने नेटवर वाचलंय की पगला भूल दिली की तो उठत नाही, म्हणून तो विषय बंद. मी मात्र रात्रभर त्याचा श्वास ऐकत पडते. साधं घोरणं कुठलं आणि धोक्याचं कुठलं, हे कसं ओळखायचं? पुन्हा असं झालं आणि मी एकटी असले तर काय करायचं? आणखी एक. दुपारी त्याच्यासाठी एसी लावावासा वाटतो, पण बिलाचा विचार येतो. सून काही बोलत नाही, मलाच भीड वाटते.
— एक आजी, मुलुंड

उत्तर :

नमस्कार ताई,

तुम्ही उगाच घाबरलेला नाहीत. चालता चालता कोसळणं आणि जीभ जांभळी पडणं ही कुठल्याच जातीच्या कुत्र्यात ‘असंच असतं’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. त्या दुपारी बंड्याच्या जिवावर बेतलं होतं. तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंत, मुलाने पाहिलं नाही. त्याने संध्याकाळी पाहिला तो शेपूट हलवणारा बंड्या. त्यामुळे मुलावर रागावू नका, पण त्याच्या म्हणण्याने स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वासही दाखवू नका.

तुमच्या घरात झालं ते जगभर होतं. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१२ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. श्वास अडकण्याची स्पष्ट लक्षणं असलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, तुमच्या कुत्र्याला श्वासाचा त्रास आहे का? निम्म्याहून अधिक, ५८ टक्के मालकांनी ‘नाही’ असं उत्तर दिलं. ही माणसं निष्काळजी नव्हती. कुत्र्याला तपासायला घेऊन आलेलीच होती. पण पहिल्या दिवसापासून जो आवाज कानावर पडतो, तो आजाराचा आहे हे मनात येत नाही. आपल्याकडे तर २००३ च्या हच मोबाइल कंपनीच्या पगवाल्या जाहिरातीनंतर मुंबईतल्या कितीतरी इमारतींत पग आले आणि एक अख्खी पिढी ती घरघर ऐकतच मोठी झाली. तिला ती गोडच वाटते.

आता आत काय चाललंय ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. माणसाने निवडून निवडून पैदास करत पगचं तोंड आखूड केलं. हाड आखूड झालं, पण आतलं मांस त्या मानाने कमी झालं नाही. तीच जीभ, तोच मऊ टाळू, तेवढीच त्वचा आता निम्म्या जागेत कोंबलेली. नाकपुड्या बारीक फटीएवढ्या. मऊ टाळू लांब, तो मागे लोंबून स्वरयंत्राच्या तोंडावर पडतो. काहींची श्वासनलिकाही जन्मतः अरुंद असते. एवढ्या अडथळ्यांतून हवा आत ओढायची म्हणजे जोर लावावा लागतो, आणि खरी गोम त्या जोरातच आहे. उसाच्या रसात भिजून मऊ पडलेल्या कागदी स्ट्रॉने जोरात ओढून बघा. जितकं ओढाल तितका स्ट्रॉ आत चिकटतो. बंड्याच्या घशात तेच होतं. जोर लावला की आतले मऊ भाग आत ओढले जातात, सुजतात, वाट आणखी अरुंद होते, मग आणखी जोर. वर्षानुवर्षं हे चाललं की स्वरयंत्राची कूर्चा थकून आत कलंडायला लागते. या सगळ्याला मिळून व्हेट ‘बोआस’ म्हणतात. तुमच्या डॉक्टरांच्या तोंडी हा शब्द आला असेल तर तो याचसाठी.

त्यात आपली मुंबई. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गाद्यांना येतो तेवढाच. अंगातली उष्णता तो धापा टाकून, जिभेवरचं आणि नाकातलं पाणी हवेत उडवून बाहेर टाकतो. नाकच आखूड, म्हणजे पाणी उडायला जागा कमी. हवा दमट, म्हणजे पाणी उडतच नाही. वर धापा टाकायला लागणारी मेहनत स्वतःच उष्णता तयार करते. नागपूरच्या ४३ अंशांपेक्षा मुंबईचे ३३ अंश बरे, असं आपण बोलून जातो. पगसाठी मे-जूनमधला पावसाआधीचा चिकट दिवस आणि ऑक्टोबरची काहिली या दोन्ही धोक्याच्याच. पावसाळ्यातला उघडीप पडलेला उकाड्याचा दिवसही तसाच. ब्रिटनसारख्या थंड देशातल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या, तरी चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना उष्माघात होण्याचं प्रमाण मध्यम लांबीच्या तोंडाच्या कुत्र्यांच्या साधारण दुप्पट निघालं. आणि उष्माघाताने दवाखान्यात आणलेल्यांपैकी सातातला एक दगावला होता.

आता तुमचा पहिला प्रश्न, ओळखायचं कसं. तुमच्या पत्रातच दोन खुणा आहेत आणि त्या तुम्ही सहज लिहून गेलात. उशीवर हनुवटी टेकवून तो ऐटीत झोपत नाही. मान वर ठेवली की घशाची वाट थोडी मोकळी होते, हे त्याचं त्यानेच शोधून काढलंय. असे कुत्रे सोफ्याच्या हातावर, चपलेवर, कशावरही हनुवटी टेकवतात. काही तोंडात खेळणं धरून झोपतात, म्हणजे तोंड उघडं राहतं. काही बसल्या बसल्याच पेंगतात, डोकं खाली आलं की गचकन जागे होतात आणि पुन्हा पेंगतात. माझ्याकडे येणारा एक बुलडॉग तपासणीच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून असाच बसलेला असतो. येणारेजाणारे त्याचे फोटो काढतात. त्याला कित्येक महिने सलग झोप मिळालेली नसते. दुसरी खूण फेसाची. श्वास ओढायला छातीत जो ताण तयार होतो, तो पोटातलं वर खेचतो. त्यामुळे खाल्ल्यावर फेस, गिळलेलं न पचता परत येणं, हे बोआसच्या कुत्र्यांत नेहमी दिसतं. अधाशीपणा असेलही, पण तेवढंच कारण नाही.

आज रात्री तो गाढ झोपला की जवळ बसा. दिवा मंद ठेवा. छाती वर येऊन खाली गेली की एक श्वास, असे १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. झोपेत मिनिटाला तीसच्या आत आकडा असावा. रोज रात्री तिसाच्या वर जात असेल तर तो डॉक्टरांना सांगायचा आकडा आहे. मग पोट बघा. श्वास आत घेताना बरगड्यांच्या मागे खड्डा पडतो का, पोट आत-बाहेर ढकलल्यासारखं होतं का. नाकपुड्या बघा, श्वास घेताना त्या आत खेचल्या जाऊन बंद होतात का. श्वास थांबतो आणि मग दचकून, गुदमरल्यासारखा सुरू होतो का. जागा असताना, दमलेला नसताना, तोंड बंद असताना त्याचा श्वास खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत असेल, तर ते माझ्या लेखी साधं घोरणं नाही.

आवाजातही फरक असतो. खालच्या पट्टीतली खरखर, घरघर ही बहुधा टाळू आणि नाकामागून येते. पण श्वास आत घेताना बारीक, चिरका, शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर तो स्वरयंत्रातून येतोय, आणि हे जास्त गंभीर. सगळ्यात वाईट म्हणजे जोर तसाच चाललाय, पोट ओढलं जातंय, आणि आवाज मात्र एकदम कमी झालाय. ऐकणाऱ्याला वाटतं, बरं वाटलं वाटतं त्याला. प्रत्यक्षात हवाच जात नसते.

एक गोष्ट मात्र वेगळी काढा, नाहीतर रोज पोटात गोळा येईल. कधीकधी तो उभ्या उभ्या मान ताठ करून नाकाने जोरजोरात हवा आत ओढतो, ठसका लागल्यासारखा, आणि अर्ध्या-एक मिनिटात काही न झाल्यासारखा खेळायला लागतो. त्याला उलटी शिंक म्हणतात. जीभ गुलाबी असेल आणि प्रकार लगेच थांबत असेल तर घाबरण्याचं कारण नाही. वारंवार होऊ लागलं तर व्हिडिओ काढून दाखवा.

आणि तो बरा असताना त्याचे ओठ उचलून हिरड्या नीट पाहून ठेवा. पगच्या तोंडात काळे डाग असतात, म्हणून निरोगी गुलाबी रंग नेमका कुठे दिसतो ते आधी माहीत हवं. संकटात तीच जागा बघायची. गुलाबी असेल तर थोडा वेळ आहे. विटकरी लाल म्हणजे अंग तापलंय. पांढुरकी, राखाडी, निळी किंवा जांभळी म्हणजे प्राणवायू पोहोचत नाही, एक मिनिटही दवडायचं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हा भाग नातवाकडून मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावून घ्या.

त्याची धाप थांबत नाही, जीभ लांब आणि रुंद होऊन बाहेर लोंबतेय, मान पुढे ताणलीय, कोपरं अंगापासून फाकलीत, लाळ चिकट झालीय, चालताना झोकांड्या जातायत, यातलं काही दिसलं की हातातलं सगळं सोडा. तो कोसळायची वाट पाहू नका. जिथे आहे तिथेच त्याला थांबवा. जिन्यात असेल तर आणखी एक पायरीसुद्धा चढवू नका, शेजाऱ्यांना हाक मारा आणि दोघांनी मिळून त्याला चादरीवर उचला. गळ्यातला पट्टा काढा. त्याला बसायचं असेल तर बसू द्या, आडवं व्हायचं असेल तर पोटावर किंवा कुशीवर, मान सरळ. पाठीवर झोपवू नका, मांडीत घट्ट धरू नका, आणि भोवती गर्दी जमू देऊ नका. आपल्याकडे गर्दी जमायला वेळ लागत नाही आणि प्रत्येक माणूस त्याच्या वाटची हवा गरम करतो.

मग पाणी. डोक्यावर नाही, अंगावर. मानेखाली, छातीवर, पोटावर, जांघेत, बगलेत, पंजांवर, केसांच्या मुळापर्यंत जाईल असं मगाने ओतत राहा आणि पंखा किंवा एसी थेट त्याच्यावर सोडा. पाणी आणि वारा दोन्ही हवेत, एकट्या पाण्याचा उपयोग अर्धाच. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं नळाचं पाणी हाताला चटका देतं, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून उन्हाळाभर बाथरूमच्या सावलीत एक बादली भरून ठेवा. ओला टॉवेल अंगावर पांघरू नका. थोड्याच वेळात तो कोमट होतो आणि आतली उष्णता कोंडून ठेवतो. टॉवेल हवा असेल तर अंगाखाली घाला. वॉचमनने फ्रिजमधलं पाणी ओतलं म्हणून त्यांना बोल लावू नका. बर्फाच्या पाण्याने उलट अपाय होतो, असं पूर्वी सांगितलं जायचं. आता मानतात की कुत्र्याच्या अंगापेक्षा थंड असलेलं, हाताशी असेल ते पाणी वापरणं, काहीच न करण्यापेक्षा कितीतरी चांगलं. चुकलं ते इतकंच की पाणी डोक्यावरून नाकातोंडाशी आलं. ज्याला श्वास घेता येत नाही त्याच्या नाकाजवळ पाणी जाता कामा नये, आणि तोंडात तर अजिबात ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. शुद्धीवर असेल तर समोर वाटी ठेवा, त्याचा तो चाटेल.

कांदा मात्र पुन्हा नको. वहिनींनी आपुलकीनेच केलं, पण आधीच बंद पडत चाललेल्या नाकपुड्यांवर काहीतरी दाबून धरणं म्हणजे उरलीसुरली वाटही अडवणं. शिवाय कांदा पोटात गेला तर कुत्र्याच्या रक्तपेशी फुटतात. घरातली क्रोसिन, ब्रुफेन, कुणाचा दम्याचा पंप, यातलंही काही नाही. उष्माघात हा तापाच्या गोळीने उतरणारा ताप नव्हे, आणि आपल्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला विषासारख्या बाधू शकतात.

आधी थंड करायला सुरुवात, मग फोन, मग गाडी, हा क्रम सोडू नका. तसंच उचलून बंद गाडीत टाकून ट्रॅफिकमध्ये अर्धा तास काढला, तर दवाखाना गाठेपर्यंत अंग आणखी तापलेलं असतं. गाडीतही एसी आधी चालू करून ठेवायला सांगा आणि ओलं अंग ओलंच राहू द्या. घरी डिजिटल थर्मामीटर असेल आणि तो करू देत असेल तर गुदद्वारातलं तापमान घ्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, ४१ म्हणजे आणीबाणी. उतरत साडेएकोणचाळीसला आलं की पाणी थांबवा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली जातं. थर्मामीटर नसेल तर तो शोधत बसू नका.

आणि तो उठून उभा राहिला, शेपूट हलवली, तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. तुमच्याकडे दुसरा दिवस उजाडला. यावेळी निभावलं, पण जोराने ओढून ओढून सुजलेला घसा काही तासांनी पुन्हा बंद होऊ शकतो, आणि अंग फार तापलं असेल तर मूत्रपिंडावर आणि रक्त गोठण्याच्या क्रियेवर झालेला परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो.

कुठे न्यायचं, हे आजच ठरवून ठेवा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना ठाऊक असतं, महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं मोठं हॉस्पिटलही सुरू झालंय. पण मुलुंडहून दुपारी तिथे पोहोचायला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. पुढच्या तपासणीसाठी तिथे जरूर जा. आणीबाणीसाठी मात्र मुलुंड, भांडुप किंवा ठाण्यातले दोन दवाखाने शोधा आणि फोन करून तीन गोष्टी विचारा : दुपारी दीड ते पाच डॉक्टर हजर असतात का, ऑक्सिजन आहे का, श्वासाची नळी घालायची सोय आहे का. आपल्याकडचे बरेच दवाखाने दुपारी बंद असतात आणि बंड्याला धोका दुपारीच आहे. रिक्षावाले आयत्या वेळी कुत्र्याला नाही म्हणतात, म्हणून ओळखीचा एखादा गाडीवाला किंवा बिल्डिंगमधलं दुपारी घरी असणारं कोणी, आधीच बोलून ठेवा.

आता एसी. ताई, दुपारी बंड्याला सांभाळायची जबाबदारी घराने तुमच्यावर टाकली आहे. मग एसीचं बटण दाबायचा अधिकारही तुमच्याकडेच आला. यात भीड कसली? सून बोलत नाही म्हणजे तिच्या मनात काही आहे, हे तुम्हीच धरून चाललायत. तिला आज जेवताना सरळ सांगा, “अगं, मी मे, जून आणि ऑक्टोबरात दुपारी बारा ते चार हॉलचा एसी २५-२६ वर लावणार आहे, बंड्याला गरज आहे.” विचारू नका, सांगा. बहुतेक ती म्हणेल, लावा की आई. आणि त्या एसीत तुम्हीही दोन तास निवांत पडाल, तुमच्या वयाला त्याची गरज आहेच. कूलर आणायचा विचार कोणी काढला तर नको म्हणा. मुंबईच्या दमट हवेत तो ओलावा वाढवतो आणि बंड्याचं काम आणखी अवघड करतो.

फिरायला सकाळी सातच्या आत आणि रात्री जेवणं झाल्यावर, मधे नाही. लिफ्ट बंद असेल त्या दिवशी तो जिना चढणार नाही आणि तुम्ही ११ किलो उचलून चार मजले चढणार नाही. बाथरूमच्या कोपऱ्यात ट्रेमध्ये जुनी वर्तमानपत्रं किंवा पेट शॉपमध्ये मिळणारे शोषक पॅड ठेवून त्याला तिथे करायची सवय आत्तापासून लावा. लिफ्ट कधी बंद राहणार याची सूचना आदल्या दिवशी लावा, असं सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगा. बिल्डिंगमधल्या हृदयरोग्यांनाही त्याचा उपयोग होईल. गळ्याचा पट्टा कायमचा काढून छातीला बांधायचा हार्नेस घ्या. गणपतीची मिरवणूक, फटाके, घरात पाहुण्यांचा गोंगाट, नातवाची चेंडूमागची पळापळ, यात तो उत्साहानेही दमतो. त्याचं त्याला थांबता येत नाही, आपणच थांबवायचं.

वजनाचं मात्र मनावर घ्या. पगचं वजन साधारण सहा ते आठ किलो असावं. बंड्याची मानेतली आणि छातीतली चरबी त्या अरुंद वाटेवर बाहेरून दाब देते आणि अंगातली उष्णताही धरून ठेवते. ऑपरेशन होवो न होवो, घरबसल्या तुमच्या हातात असलेला सगळ्यात मोठा उपचार हाच. घाई नको, आठवड्याला शंभर ते दोनशे ग्रॅम उतरले तरी पुरे. पाच-सहा महिन्यांत फरक दिसेल. त्याचं खाणं एकाच माणसाने मोजून द्यायचं, आणि ते माणूस तुम्ही. कारण मला खात्री आहे की सकाळच्या चहाचं बिस्किट मुलगा देतो, तूप लावलेल्या पोळीचा तुकडा तुमच्या ताटातून जातो आणि नातू वेफर्स देतो. द्यायचंच असेल तर काकडीचे, गाजराचे बारीक तुकडे, उकडलेला दुधी द्या. द्राक्षं आणि मनुका कधीच नाही.

राहिला ऑपरेशनचा विषय. मुलाची भीती खोटी नाही. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना भुलीचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, विशेषतः शुद्धीवर येताना, नळी काढल्यानंतरच्या काही तासांत. पण हा धोका आता नीट माहीत आहे आणि त्यासाठी काय करायचं तेही ठरलेलं आहे. भूल देण्याआधी काही मिनिटं ऑक्सिजन, उलटी आणि आम्लपित्त रोखणारी औषधं, पूर्ण जाग येऊन तो स्वतः नळी नको म्हणेपर्यंत ती न काढणं, आणि रात्रभर कोणीतरी जवळ बसून लक्ष ठेवणं. ऑपरेशनमध्ये नाकपुड्या रुंद करतात आणि लांब टाळू कापून आखूड करतात. घशातल्या काही सुजून बाहेर आलेल्या पिशव्या असतील तर त्याही काढतात. ज्याचा हात यात बसलेला आहे अशा सर्जनकडे बहुतेक कुत्र्यांना स्पष्ट आराम पडतो. बंड्या लांब नाकाचा होणार नाही, उन्हाची काळजी आयुष्यभर घ्यावी लागेल. पण झोप मिळेल, जिना त्याच्या जिवावर उठणार नाही.

माझं मत विचाराल तर कोसळून जांभळ्या पडलेल्या चार वर्षांच्या कुत्र्याच्या बाबतीत मी टाळाटाळ करणार नाही. स्वरयंत्र एकदा आत कलंडायला लागलं की ते पूर्ववत होत नाही आणि ऑपरेशनचा फायदाही कमी होतो. मुलाला हे अशा शब्दांत सांगा : भुलीचा धोका एका दिवसाचा आहे आणि त्या दिवशी शेजारी डॉक्टर व ऑक्सिजन असणार आहे. विनाऑपरेशनचा धोका रोज दुपारी आहे आणि तेव्हा शेजारी फक्त आई आहे.

तोवर डॉक्टरांकडून एक तपासणी करून घ्या. केंब्रिज विद्यापीठाने बसवलेली एक पद्धत आहे. स्टेथोस्कोप घशावर ठेवून श्वास ऐकायचा, मग कुत्र्याला तीन मिनिटं भरभर चालवायचं आणि पुन्हा ऐकायचं. त्यावरून शून्य ते तीन असा दर्जा ठरतो. शांत बसल्यावर ऐकू न येणारा अडथळा चालल्यावर ऐकू येतो. घरी ही चाचणी मुळीच करू नका, बंड्या नुकताच कोसळलेला आहे. दवाखान्यात, थंड खोलीत, डॉक्टरांसमोरच. हृदय आणि छातीचा एक्स-रेही होऊ द्या. हृदयाचा आजार किंवा फुप्फुसातलं दुखणं असलं तरीही कुत्रा असाच कोसळू शकतो, आणि ते ऑपरेशनआधी कळायला हवं.

नातवाला एक काम सांगा. तो व्हिडिओ काढतोच आहे, तर आता मित्रांसाठी नको, डॉक्टरांसाठी काढू दे. एक झोपेतला, एक जेवणानंतरचा, एक सकाळी फिरून आल्यावरचा, प्रत्येकी मिनिटभर, आवाज चालू ठेवून. मुलाला तेच तिन्ही एकामागून एक दाखवा. पुढची तपासणी शनिवारी सकाळी लवकरची घ्या आणि त्याला सोबत न्या. भुलीबद्दलचे सगळे प्रश्न त्यालाच विचारू द्या : या वर्षात असे किती पग केलेत, रात्री कोण थांबतं, नळी कधी काढता, खर्च किती आणि रजा किती दिवसांची घ्यावी लागेल. आणि त्या दिवशी जिन्यात काय झालं ते मात्र तुम्ही सांगा. किती पायऱ्या चढला, जीभ कुठल्या रंगाची होती, किती वेळाने उठला, हे सगळं. डॉक्टरांना ते तुमच्याकडूनच कळायला हवं.